यान आंकरमान आणि नियम बदलून खेळलेली डच पिढी

१९२८च्या आम्स्टरडॅम ऑलिंपिकमधलं भारताचं हॉकीचं सुवर्णपदक आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. ध्यानचंदांचे गोल, कर्णधारपदावरून झालेला वाद, मुंबईच्या बंदरावरून बोट सुटताना निरोपाला आलेली मोजकी माणसं आणि परतल्यावर त्याच मुंबईत लोटलेली गर्दी, या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे. २६ मे १९२८ रोजी अंतिम सामन्यात भारतासमोर उभ्या असलेल्या संघाबद्दल मात्र आपल्या वाचनात जवळपास काहीच येत नाही. यान आंकरमान, यान ब्रांड, राइन दे वाल, एमिल डुसॉन, खेरित यानिंक, आद्रियान काटे, आउगुस्ट कोप, आब त्रेस्लिंग, पाउलुस फान दे रोवार्ट, रॉबर्ट फान देर फेन आणि हास फिसर 'त होफ्त ही त्या वेळच्या डच रौप्यपदक विजेत्यांची नावं. त्यांच्यापैकी आंकरमानच्या आयुष्याचा धागा धरून ही पार्श्वभूमी मांडतो आहे. त्याच्या छत्तीस वर्षांच्या आयुष्यात डच हॉकीचा सगळ्यात मोठा बदल आला, तिचं पहिलं पदक आलं आणि त्या पिढीवर कोसळलेलं युद्धही आलं.

आंकरमानचा जन्म २ मार्च १९०६चा, उत्तर नेदरलंड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या वोमेल्स गावचा. हे गाव हॉकीसाठी कधीच प्रसिद्ध नव्हतं. तिथला खेळ म्हणजे कात्सन. तीन-तीन जणांचे दोन संघ गवतावर समोरासमोर उभे राहतात आणि चामड्याचा छोटा टणक चेंडू हाताने टोलवतात. पोरसवदा मुलांसाठी कात्सनची एक मानाची स्पर्धा वोमेल्समध्ये १९०३ साली सुरू झाली आणि ती आजही दर उन्हाळ्यात भरते. आंकरमान जन्मला तेव्हा ही स्पर्धा तीन वर्षांची होती. हिवाळ्यात कालवे गोठले की सगळा प्रांत बर्फावर उतरायचा. हॉकी डच भूमीत रुजली ती या बर्फामुळेच.

वोमेल्सपासून फार दूर नसलेल्या विटमार्सुममध्ये १८६५ साली जन्मलेला एक क्रीडावेडा गृहस्थ इंग्लंडमधून खेळ आणून मायदेशी लावण्याच्या मागे होता. डच फुटबॉलच्या सुरुवातीचं श्रेय त्यालाच दिलं जातं. त्याच्याच पुढाकाराने बँडी, म्हणजे बर्फावर वाकड्या काठीने आणि चेंडूने खेळायचा खेळ, नेदरलंड्समध्ये आला. १८९१ साली इंग्लंडच्या पाणथळ फेन भागातला एक संघ हार्लेमला येऊन बँडी खेळून गेला. डच हिवाळा मात्र भरवशाचा नाही. बर्फ धरलं नाही तर हौस भागवायला गवत आणि काठी हाताशी होतीच. म्हणून १८९२ साली आम्स्टरडॅममध्ये निघालेल्या क्लबाच्या नावात हॉकी आणि बँडी हे दोन्ही शब्द होते, आणि १८९८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातही. आम्स्टरडॅमच्या त्या क्लबाने नावातली बँडी अजून सोडलेली नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हार्लेम, हेग आणि विद्यापीठांच्या गावांमधून खेळ पसरला. खेळणारे बहुतेक खात्यापित्या घरचे होते.

खरा विषय इथून सुरू होतो. हा खेळ इंग्लंडमधून आला असला तरी डचांनी त्याला स्वतःचं वळण दिलं. त्यांचा चेंडू मोठा आणि मऊ होता. स्टिकच्या दोन्ही बाजूंनी चेंडू खेळता यायचा. अनेक क्लबांमध्ये स्त्री-पुरुष एकाच संघात खेळायचे आणि त्यात कुणालाही वावगं वाटत नसे. इंग्लंडमध्ये, आणि इंग्रजी लष्करामार्फत हॉकी शिकलेल्या हिंदुस्थानात, चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक आणि साधारण १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा होता. स्टिकची डावीकडची सपाट बाजू तेवढी चालायची. गोलाकार बाजूला चेंडू लागला की शिट्टी.

फरक वरवर किरकोळ वाटतो, पण हातात स्टिक धरून पाहिलं की त्याचं वजन कळतं. दोन्ही बाजू वापरता येत असतील तर डावीकडून आलेला चेंडू डावीकडेच, मनगट न वळवता, सरळ टोलवता येतो. अंग फिरवायला लागत नाही, पाय कुठे आहेत याची फार चिंता नसते. एकाच बाजूने खेळायचं म्हटलं की सगळा हिशेब बदलतो. चेंडू अंगाच्या पुढे, जरा उजव्या हाताला ठेवायला लागतो. तो डावीकडे गेला तर एकतर पाय झपाट्याने त्याच्या पलीकडे न्यायचे, नाहीतर डाव्या हाताने मूठ फिरवून स्टिकचं टोक खाली करायचं आणि उलट्या स्टिकने चेंडू ओढायचा. समोरच्याच्या स्टिकच्या कोणत्या बाजूने आत शिरायचं, कोणत्या बाजूने शिरलं तर फाउल होईल, बचावात कुणी कुठे उभं राहायचं, ही सगळी गणितं या एका अटीतून निघतात. त्यात मऊ चेंडूच्या जागी टणक चेंडू आला की थांबवण्याची रीतही नव्याने शिकावी लागते, कारण मऊ चेंडू स्टिकवर बसतो आणि टणक चेंडू उसळून जातो. भारतीय खेळाडूंची जादू म्हणून जिचं कौतुक होतं ती मनगटाची फिरकी याच बंधनातून जन्मली आहे. एकाच बाजूने खेळायचं म्हणून मनगट इतकं बोलकं झालं.

या वेगळेपणामुळे डच खेळाडू जगापासून तुटले. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकी होती आणि जर्मनी, फ्रान्स तिथे खेळले. नेदरलंड्सचा संघ नव्हता. १९२०चं ऑलिंपिक तर अँटवर्पमध्ये होतं, डच सरहद्दीच्या जवळच. तेव्हा डच राष्ट्रीय संघटना बावीस वर्षांची झाली होती, तरी हॉकीत उतरले ते चारच देश: ग्रेट ब्रिटन, डेन्मार्क, बेल्जियम आणि फ्रान्स. घरात इतकी वर्षं खेळ रुजलेला असताना शेजारच्या शहरातलं ऑलिंपिक हुकावं, ही साधी गोष्ट नाही. आंकरमान तेव्हा चौदा वर्षांचा होता.

पुढची पायरी पॅरिसमध्ये पडली. १९२४च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीला जागा मिळाली नाही, कारण खेळाला आंतरराष्ट्रीय संघटनाच नव्हती. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९२४मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. संस्थापक देश सात: ऑस्ट्रिया, बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया, फ्रान्स, हंगेरी, स्पेन आणि स्वित्झर्लंड. यात हॉकीची जन्मभूमी इंग्लंड नाही आणि नेदरलंड्सही नाही. भारत १९२७मध्ये आला, युरोपबाहेरचा पहिला सदस्य म्हणून.

तोवर १९२८चं यजमानपद आम्स्टरडॅमकडे गेलं होतं. यजमानांच्या घरीच त्यासाठी पैसे जमवताना ओढाताण झाली. १९२५मध्ये डच संसदेने आर्थिक मदत नाकारली. रविवारी होणारे खेळ आणि ऑलिंपिकमागचा ग्रीक, म्हणजे त्यांच्या मते अधार्मिक, वारसा धर्मनिष्ठ पक्षांना मान्य नव्हता. मग जनतेने वर्गणी काढली आणि काही आठवड्यांत पैसा उभा राहिला. लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून आणलेल्या या स्पर्धेत हॉकीही होती, आणि यजमान देशाचे खेळाडू जगात दुसरं कुणीच खेळत नाही अशा पद्धतीने हॉकी खेळत होते.

निर्णय घेणं भाग होतं. १९२६च्या सुमारास डच हॉकीने स्वतःचे नियम सोडले आणि आंतरराष्ट्रीय नियम घेतले. टणक चेंडू आला, स्टिकची एकच बाजू उरली. डच हॉकीच्या इतिहासात हा निर्णय बहुधा एका वाक्यात उरकला जातो: ऑलिंपिकसाठी नियम बदलले, संघ तयार झाला, पदक मिळालं. मला ही मांडणी अपुरी वाटते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

बदलाच्या बाजूने मुद्दे भक्कम होते. शेजाऱ्यांशी खेळताच येत नसेल तर खेळाची वाढ खुंटते. नवे डावपेच कळत नाहीत, आपण कुठे आहोत हे कळत नाही. चांगल्या खेळाडूला गाठायचं शिखरच उरत नाही. घरच्या ऑलिंपिकमध्ये यजमानच प्रेक्षकांत बसले असते तर वर्गणी देणाऱ्या लोकांना काय तोंड दाखवलं असतं? आणि पुढचं शतक पाहिलं तर या निर्णयाशिवाय आजची डच हॉकी उभीच राहिली नसती, हे मान्य करावंच लागतं.

पण किंमत कुणी मोजली? स्टिक बदलण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी मैदानात उतरून ती वापरायची नव्हती. ती वापरायची होती वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी. १९२६ साली आंकरमान वीस वर्षांचा होता. नोव्हेंबर १९०४मध्ये आम्स्टरडॅमला जन्मलेला राइन दे वाल आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एमिल डुसॉन एकविशीत होते. काटे पंचविशी ओलांडत होता. खेळाडूच्या अंगात सवय मुरते ती याच वयापर्यंत. डच क्लबात ज्याने मोठ्या चेंडूवर दोन्ही बाजूंनी फटके मारत खेळ शिकला, त्याला आता अर्धी स्टिक नाही असं समजून खेळायचं होतं. हातात बसलेली सवय मोडणं हे नवी लावण्यापेक्षा अवघड असतं, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. आणि हे सगळं दोन वर्षांत, घरच्या प्रेक्षकांसमोर उभं राहण्याआधी.

दुसरी किंमत मिश्र खेळाची. स्त्री-पुरुष एकत्र खेळणारी हॉकी ही डच क्लबांची फार मोलाची गोष्ट होती. त्या काळच्या युरोपात असा मोकळेपणा मुबलक नव्हता. ऑलिंपिकच्या चौकटीत तिला जागाच नव्हती. ऑलिंपिकमध्ये हॉकी म्हणजे पुरुषांची हॉकी, आणि स्त्रियांना तिथे प्रवेश मिळायला १९८० साल उजाडावं लागलं. नियम जुळवताना आंतरराष्ट्रीय तेच मोठं आणि घरचं ते लहान, असा कल आपोआप येतो. त्या कलात घरचं जे खरोखर पुढारलेलं होतं तेही मागे सरलं. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, तो घ्यायलाच हवा होता. पण त्याला निव्वळ सुधारणा म्हणणं अन्यायाचं आहे.

हॉकीची स्पर्धा १७ ते २६ मे १९२८ या दहा दिवसांत झाली. ऑलिंपिकचं रीतसर उद्घाटन जुलैअखेरीस व्हायचं होतं, म्हणजे हॉकीचा निकाल लागला तेव्हा उद्घाटनाला दोन महिने बाकी होते. डच संघाच्या गटात जर्मनी, फ्रान्स आणि स्पेन होते. फ्रान्सला त्यांनी ५-० असं हरवलं. जर्मनीविरुद्धचा २-१ हा निकाल सगळ्यात मोलाचा, कारण जर्मन खेळाडू आंतरराष्ट्रीय नियमांखाली वीस वर्षांपासून, १९०८च्या लंडनपासून, खेळत होते. स्पेनशी १-१ अशी बरोबरी झाली. गटात पहिले येऊन ते अंतिम फेरीत गेले. जर्मनीने पुढे बेल्जियमला ३-० असं हरवून कांस्यपदक घेतलं.

अंतिम सामना भारताने ३-० असा जिंकला. आपल्याकडे हा सामना सांगताना भारताचे काही प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे आणि आजारामुळे बाहेर होते, ध्यानचंद स्वतः तापाने फणफणले होते, हे आवर्जून सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. त्याच्या जोडीला आणखी एक आकडेवारी सांगितली पाहिजे. भारताने त्या स्पर्धेत ऑस्ट्रियाला ६, बेल्जियमला ९, डेन्मार्कला ५, स्वित्झर्लंडला ६ आणि नेदरलंड्सला ३ गोल मारले, एकूण २९, आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. या पाचांत भारताला सर्वांत कमी गोल करू दिले ते डचांनी. बेल्जियम आणि स्वित्झर्लंड महासंघाचे संस्थापक होते, डेन्मार्क अँटवर्पमध्ये खेळून आलेला होता. जेमतेम दोन वर्षांपूर्वी स्टिक बदललेल्या संघाने या सगळ्यांपेक्षा चांगला बचाव केला. भारताच्या विजयाची उंची यामुळे वाढतेच.

ग्रेट ब्रिटन त्या स्पर्धेला आला नाही. हिंदुस्थानकडून हरण्याची भीती हे त्याचं कारण आपल्याकडे सांगितलं जातं. वाटेत इंग्लंडमध्ये भारतीय संघाने घातलेला धुमाकूळ पाहता ते खोटं वाटत नाही. मात्र ब्रिटिश तेव्हा महासंघातही नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. डचांच्या दृष्टीने त्यांची अनुपस्थिती म्हणजे ज्यांचे नियम स्वीकारले तेच परीक्षेला आले नाहीत.

त्या अकरा जणांच्या जन्मगावांकडे पाहिलं की नेदरलंड्स नावाच्या चिमुकल्या देशाचा पसारा ध्यानात येतो. आंकरमान वोमेल्सचा आणि त्रेस्लिंग स्नेकचा, म्हणजे दोघे फ्रीसलंडचे. यानिंक एन्सखेडेचा, कापडगिरण्यांच्या शहरातला. फान देर फेनचा जन्म शांघायचा आणि डुसॉनचा जावामधल्या सेमारांगचा. हास फिसर 'त होफ्त हार्लेमचा, त्याचा थोरला भाऊ पुढे जागतिक चर्च परिषदेचा पहिला सरचिटणीस झाला. भारतीय संघातही अँग्लो-इंडियन खेळाडूंचं प्रमाण मोठं होतं. साम्राज्याच्या रेल्वे, लष्कर आणि शाळांमध्ये ते वाढले होते. म्हणजे त्या दिवशी मैदानावर एका बाजूला ब्रिटिश साम्राज्याच्या वसाहतीचा संघ होता आणि दुसऱ्या बाजूला डच साम्राज्याच्या मुख्य देशाचा, ज्यात वसाहतीत जन्मलेला एक खेळाडू होता. वसाहतीच्या संघाने मुख्य देशाला त्याच्या राजधानीत हरवलं. आपल्याकडच्या वर्णनांत ही बाजू का येत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. समोर ब्रिटिश नव्हते म्हणून बहुधा आपल्याला तो साम्राज्याचा सामना वाटला नसावा. इंडोनेशियन वाचकाला मात्र तो लगेच तसा वाटेल.

त्या साम्राज्यानेच दोघांचा शेवट लिहिला. डुसॉन जावाला जन्मला आणि जावातच गेला. १ मार्च १९४२च्या पहाटे जपानी फौजा जावाच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि ८ मार्चला डच सैन्याने शरणागती पत्करली. या आठवडाभरातच, ४ मार्चला, बांडुंगच्या उत्तरेला डोंगरावर असलेल्या लेम्बांगमध्ये डुसॉन युद्धात मरण पावला. जेमतेम महिनाभर आधी याच लेम्बांगमध्ये दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशियातल्या संयुक्त सेनेचं मुख्यालय होतं. डुसॉन तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

आंकरमान जपानी युद्धकैदेत सापडला आणि २७ डिसेंबर १९४२ रोजी ब्रह्मदेशात वारला. डच युद्धकैद्यांना जावावरून सिंगापूरमार्गे ब्रह्मदेशात आणि थायलंडमध्ये नेलं जात होतं, ते मुख्यतः या दोन देशांना जोडणाऱ्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेसाठी. त्या रेल्वेच्या कामावर साधारण साठ हजार दोस्त युद्धकैदी राबले, त्यांत सुमारे अठरा हजार डच होते आणि त्यातले जवळपास तीन हजार परतले नाहीत. मलायातून नेलेले तमिळ मजूर, ब्रह्मी आणि जावानीज मजूर तर याहून कितीतरी जास्त संख्येने मेले आणि त्यांच्या नोंदीही धड ठेवल्या गेल्या नाहीत. ऑलिंपिकपटूंच्या युद्धमृत्यूंच्या याद्यांमध्ये आंकरमान आणि डुसॉन ही दोन्ही नावं आहेत. त्यापलीकडे हॉकीच्या इतिहासात त्यांची दखल एका ओळीपुरती असते. चार सामने, एक रौप्यपदक, जन्म आणि मृत्यूच्या तारखा. नियम बदलण्याच्या कसोटीतून गेलेल्या खेळाडूला एवढीच ओळ मिळावी हे मला पटत नाही.

राइन दे वालच्या वाट्याला जास्त खेळ आणि जास्त आयुष्य आलं. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला युरोपातून हॉकीचा एकही संघ गेला नाही, प्रवासाचा खर्च आणि मंदी आडवी आली. चार वर्षांनी बर्लिनमध्ये दे वाल पुन्हा उतरला. उपांत्य सामन्यात जर्मनीने नेदरलंड्सला ३-० असं हरवलं आणि कांस्यपदकासाठी डचांनी फ्रान्सवर ४-३ अशी निसटती मात केली. रौप्य आणि कांस्य अशी दोन पदकं घेतलेला दे वाल १९८५ साली, ऐंशी वर्षांचा होऊन, आम्स्टरडॅममध्येच वारला. १९२६मध्ये हात नव्याने बसवलेल्या पिढीतल्या या माणसाने डच संघाला १९७३चा विश्वचषक जिंकतानाही पाहिलं असणार.

त्या विश्वचषकापर्यंतची वाट भारतावरूनच जाते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात भारताने डचांना २-१ असं हरवलं. त्या भारतीय संघात मुंबईच्या मैदानांवर खेळणारे बरेच होते, कर्णधार किशनलाल आणि गोलरक्षक लिओ पिंटो त्यांतले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा अंतिम सामना तर ६-१, त्यात बलबीरसिंगांचे एकट्याचे पाच गोल. या पराभवानंतर डचांनी जे केलं ते मला १९२६च्या निर्णयाचंच पुढचं पाऊल वाटतं. ज्यांच्याकडून हरलो त्यांच्याकडेच शिकायला गेले. १९२८च्या भारतीय सुवर्ण संघातला रेक्स नॉरिस १९५४ ते १९५६ या काळात डच संघाचा प्रशिक्षक होता. आंकरमान, दे वाल यांच्यासमोर खेळलेला माणूस आता त्यांच्या पुढच्या पिढीला घडवत होता. ती मेहनत ऑलिंपिकमध्ये दिसलीच नाही, कारण हंगेरीवरच्या सोव्हिएत आक्रमणाचा निषेध म्हणून नेदरलंड्सने १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधून आयत्या वेळी अंग काढून घेतलं.

१९७३चा विश्वचषक आम्स्टरडॅमला लागून असलेल्या अम्स्टलफेनमध्ये झाला. अंतिम सामन्यात सुरजितसिंगच्या दोन गोलांमुळे भारत २-० असा पुढे होता. डचांनी बरोबरी साधली, जादा वेळेत भारताने पेनल्टी स्ट्रोक वाया घालवला, आणि शेवटी स्ट्रोकवर नेदरलंड्सने ४-२ अशी बाजी मारली. डच पुरुष संघाचा तो पहिला विश्वचषक. १९९० आणि १९९८चे विश्वचषक आणि १९९६, २००० आणि २०२४ची ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यानंतरची.

त्याच दशकात पृष्ठभाग बदलला. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम गवतावर झाली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला. नेदरलंड्स चौथं आलं. श्रीमंत युरोपने खेळच बदलून आपल्यावर अन्याय केला, ही तक्रार आपल्याकडे अजूनही ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. गावोगावी मातीत खेळणाऱ्या पोरांना तसलं मैदान पुढची अनेक वर्षं पाहायलाही मिळालं नाही. पण ही तक्रार करताना डचांचं उदाहरण समोर ठेवायला हवं. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्यावर असाच, किंबहुना याहून मूलभूत बदल आदळला होता. पायाखालची जमीन तीच होती, हातातलं साधन बदललं होतं. त्यांनी दोन वर्षांत अंगवळणी पाडलं. १९७६नंतर पैसा आणि मैदानं हा आपल्याकडचा मोठा अडथळा होताच, आणि देश छोटा, क्लब सधन असल्यामुळे डचांना बदल सोपा गेला हेही खरं. तरीही बदल येतो आहे हे दिसत असताना तयारीला लागण्याची तातडी आपल्या कारभाऱ्यांनी दाखवली नाही, असंच माझं मत आहे.

डच स्त्रियांनी १९२६च्या निर्णयाने जे गमावलं ते खेळातूनच परत मिळवलं. १९७४मध्ये फ्रान्समधल्या मांदलिय इथे झालेला महिलांचा पहिला विश्वचषक नेदरलंड्सने जिंकला. ऑलिंपिकमध्ये १९८४, २००८, २०१२, २०२० आणि २०२४ अशी पाच सुवर्णपदकं त्यांच्या नावावर आहेत. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही महिला संघाकडे इतकी नाहीत.

ज्या नियमापायी आंकरमानच्या पिढीने हातांची सवय मोडली, तो नियमही पूर्वीसारखा कडक उरलेला नाही. स्टिक उलटी करून तिच्या कडेने जोरदार फटका मारणं पूर्वी फाउल होतं. १९९०च्या दशकापासून ते चालू लागलं आणि आज डावीकडून गोलवर मारण्याचं ते नेहमीचं हत्यार आहे. स्टिकची गोलाकार बाजू मात्र अजूनही वापरता येत नाही.